निर्मळच्या अठरा काड्या

तो फोन मी केला होता.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. पाच वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका सोमवारी, लंच ब्रेकमध्ये कॅनबेरातल्या गुंगालिनच्या शॉपिंग सेंटरच्या कारपार्कात गाडीच्या काचा वर करून मी झाडांच्या रोगांची खबर घेणाऱ्या सरकारी नंबरवर फोन लावला. ज्या म्हाताऱ्या माणसाने मला या देशात पहिलं छप्पर दिलं, त्यांच्या शेताचा पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईंनी माझं नाव विचारलं. "आय वुड रादर नॉट," असं म्हणालो आणि ऑफिसात जाऊन डब्यातली भेंडी खाल्ली. चवीने खाल्ली, हेही आठवतं.

गेल्या मार्चमध्ये ते गेले. बातमी कळली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. दुःख नंतर आलं, दोनेक दिवसांनी, आणि तेही दबकत.

त्यांना मी अंकल म्हणायचो. सुरुवातीला काका म्हणून पाहिलं होतं. "तुझ्या बापाला मी ओळखत नाही, मग काका कसा?" हे उत्तर. मिस्टर लावून पाहिलं, तर म्हणाले, "तसं टॅक्सवाले म्हणतात." शेवटी अंकलवर तडजोड झाली. वसईचे ख्रिस्ती. तरुणपणी मुंबईत टेलिफोनच्या कामात होते, मग कॅनबेरात येऊन तेच केलं आणि त्यातूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्यामुळे की काय, आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय याची त्यांना खात्री होती. फोनवर नाव सांगत नसत. "मी," एवढंच. पुढे दोन सेकंद शांतता. आपण ओळखलं तर बोलणार, नाही तर फोन खाली.

डॉक्टरकडे गेले आणि उजवा गुडघा दुखत असला, तर आधी डावा पुढे करायचे. "बघू तरी, खरं बोलतो का." डॉक्टर डाव्या गुडघ्याला काही झालेलं नाही म्हणाला, की मग उजवा. ही परीक्षा पास झालेला एकच जीपी त्यांना वीस वर्षांत मिळाला, आणि तो टूवूंबाला बदलून गेला तेव्हा, "कुणीतरी हलवला त्याला," असं त्यांचं मत होतं.

मी त्यांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा माझी मुलाखत पाऊण तास चालली. घोरतोस का. पत्रं कुणाची येतात. कपडे वाळत घालताना चिमटे दोन लावतोस की एक. करारनामा दोन प्रतींत केला, आणि दोन्ही कागद कडेला कडा जोडून धरून त्या जोडावरच सही घेतली. म्हणजे अर्धी सही त्यांच्याकडे, अर्धी माझ्याकडे. "दोन प्रती, दोन छपरं," म्हणाले. हे त्यांचं ब्रीद होतं. कुठलीही गोष्ट टिकवायची तर तिच्या दोन प्रती हव्यात, आणि त्या एका छपराखाली नकोत.

मी बॅकअपचं काम करणारा माणूस. सरकारी खात्यांची माहिती दोन ठिकाणी साठवायची, एक जागा जळाली तरी दुसरी शाबूत राहील असं बघायचं, याचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे हा म्हातारा मला लगेच आवडला. माझ्या पहिल्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं असताना, दाराशी एक ऑइल हीटर ठेवलेला सापडला. वर चिठ्ठी: हा मी दिलेला नाही.

बायको गेल्यावर त्यांनी ते घर विकलं आणि दीड तासावर, डोंगराच्या उतरणीला, वीस एकरांचं शेत घेतलं. लोकांना वाटलं, गायी पाळतील. त्यांनी चेस्टनट लावले. युरोपातलं झाड, काटेरी बोंडाचं. आपल्याकडच्या माणसाला त्याचं काय! मी विचारलं तेव्हा त्यांनी केळ्यांचा विषय काढला.

"आमच्या वाडीत राजेळी होती. सुकेळी करतात ती. नुसती राजेळी म्हणू नकोस. विहिरीकडची वेगळी, कुंपणाकडची वेगळी, चुलत्याच्या वाडीतली आणखी वेगळी. आम्हाला वाटायचं, केळीच तर आहेत. मग बाजारात मागणी असलेली एक जात आली आणि सगळ्यांनी तीच लावली. पुढे रोग आला तेव्हा एकजात गेली. विहिरीकडची कुणी राखून ठेवली नव्हती. मीही नाही. मी तेव्हा एक्स्चेंजमध्ये बसून तारा जोडत होतो."

चेस्टनटचं तसंच चाललंय, हे त्यांनी शेजाऱ्याच्या वाडीत बघितलं. शेजारी म्हणजे टोनी. बापाच्या काळापासून इथे असलेला इटालियन शेतकरी, माझ्यापेक्षा थोडा मोठा. अंकलच्या तोंडी तो टोन्या. टोनीच्या वाडीत पाचशे झाडं, सगळी एकाच जातीची कलमं. फळ मोठं, साल पटकन सुटणारी, सिडनीच्या बाजारात पहिला भाव. अंकलच्या शेतात मात्र भलतीच जमात. दीडेकशे वर्षांपूर्वी सोनं शोधायला आलेल्या लोकांनी खिशातून चेस्टनट आणले आणि खोपटांभोवती पेरले. खोपटं गेली, सोनं संपलं, झाडं राहिली. बियांतून आलेली, म्हणून प्रत्येक वेगळं. कुठे पडक्या घराच्या नुसत्या उरलेल्या चिमणीशेजारी, कुठे बंद शाळेच्या आवारात, कुठे रस्त्याकडेला. अंकल आपली जुनी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन ही झाडं हुडकत फिरायचे. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना काड्या कापायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सप्टेंबरात आपल्या खुंटांवर कलम बांधायचे.

टोनी कुंपणावरून हसायचा. "मेट, माय चूक्स वुडन्ट ईट दोज." त्याच्या कोंबड्याही ही फळं खाणार नाहीत म्हणे.

अंकलना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं यायचं. पण टोनीला टोमणा मारायचा तो मराठीत, आणि भाषांतर माझ्याकडून. "म्हणजे अपमान दोनदा होतो," म्हणायचे. "सांग त्या टोन्याला, तुझ्याकडे पाचशे झाडं नाहीत. एकच झाड आहे, पाचशे वेळा. त्याला ताप आला की पाचशे तिरड्या."

मी सांगायचो. टोनी हसायचा. "ट्रू. बट ही'ज अ गुड-लुकिंग बगर, दॅट वन." मग टोनीच्या शेडमध्ये भोकं पाडलेल्या तव्यावर चेस्टनट भाजायचे, घरची वाइन, आणि दोघं एकमेकांच्या फळांना नावं ठेवत पोटभर खायचे. अंकलचा ज्याच्यावर संशय नव्हता असा माणूस मी एकच पाहिला, तो टोनी. टोनीने दिलेला ग्लास ते वास न घेता प्यायचे. माझ्या घरचा चहासुद्धा आधी हुंगायचे.

झाडांची एक वही होती. कुठल्या झाडाला उशिरा फुलोरा येतो, कुठल्याचं फळ महिनाभर टिकतं, कुठलं दुष्काळात तगलं, सगळं नेटक्या मराठीत. पण जागा खोट्या. प्रत्येक झाडाला वसईच्या एका गावाचं नाव. गास, भुईगाव, सांडोर, नंदाखाल. खरी जागा वहीत कुठेच नाही.

"अंकल, असं का?"

"नर्सरीवाल्याच्या हाती लागली तर? रस्तेवाल्यांच्या? उद्या तुझ्याच हाती लागली तर?"

"माझ्या हाती लागून काय होणार?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच."

सगळ्यांत लाडकं झाड निर्मळ. ते ओढ्याच्या काठी, वर्षातले चार महिने पाण्यात पाय ठेवून उभं होतं. चेस्टनटला ओली जमीन सोसत नाही. मूळकूज लागते आणि झाड उभ्याउभ्या मरतं. टोनीची दर ओल्या वर्षी पाच-दहा जायची. निर्मळ शंभरावर वर्षं चिखलात होतं, आणि त्याला काही झालेलं नव्हतं. "याच्या अंगात काहीतरी आहे, ते बाकी कुणाकडे नाही," अंकल म्हणायचे. एवढ्यापुरता त्यांचा आवाज खाली यायचा. पण निर्मळचं कलम धरत नव्हतं. दोन सप्टेंबर फुकट गेले. मग त्यांना कळलं की तिथला रस्ता रुंद होणार. त्यांनी अठरा काड्या कापल्या. नऊ स्वतःच्या फ्रिजमध्ये. नऊ माझ्या.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली ती मोळी आमच्या भाजीच्या खणात आली. बायको म्हणाली, "कोथिंबिरीला जागा नाही, आणि तुझ्या अंकलच्या सरपणाला आहे." मुलीने खण उघडला. "डॅड, व्हाय आर देअर स्टिक्स इन द फ्रिज?" मी म्हटलं, बॅकअप आहे. ती म्हणाली, "यू'र सो वीअर्ड, बोथ ऑफ यू."

कुठून आणल्या, हे मी अंकलना विचारलं होतं. "तुला कशाला? आज विचारतोस, उद्या सांगशील."

तेवढ्यावरून मनात काहीतरी रुतलं. त्याच सुमारास माझ्या सिक्युरिटी क्लिअरन्सचं नूतनीकरण चालू होतं. ते नाही तर नोकरी नाही. फॉर्मवर प्रश्नच प्रश्न. कुणाशी संबंध, कुणाचं काय ठेवलं आहे, काही लपवलं आहे का. पंचेचाळिशीत माणूस फॉर्मला जितका घाबरतो तितका देवालाही घाबरत नाही. एका गुरुवारी कागद पुन्हा ओला करायला मोळी सोडली, तर ते वर्तमानपत्र इटालियन निघालं, आणि माथ्यावर छापलेलं: मेलबर्न.

मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या एका भागात चेस्टनटवर साल फुटून नारिंगी ठिपके येणारा बुरशीचा रोग होता. तिथून काडी, रोप, सालीचा तुकडाही आमच्या राज्यात आणायला बंदी. हे मला अंकलनीच सांगितलेलं. आता माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. मेलबर्नचा कागद. आदल्या आठवड्यात दोन दिवस न उचललेला फोन. जागा सांगायला नकार. खोटी नावं असलेली वही. म्हातारा रोगट भागातून काड्या चोरून आणतोय आणि अर्ध्या माझ्या घरात लपवतोय.

तो कागद टोनीचा होता. टोनीच्या आईसाठी ते वर्तमानपत्र पोस्टाने यायचं, आणि वाचून झालेले गठ्ठे तो अंकलना चूल पेटवायला द्यायचा. अंकलच्या चुलीशेजारी ते गठ्ठे मी दहादा पाहिले होते. त्यांच्यावर बसून चहा प्यायलो होतो. त्या गुरुवारी मला त्यातलं काही आठवलं नाही.

शनिवारी मी नऊ काड्या परत नेऊन दिल्या. "फ्रिज बिघडलाय," म्हणालो. अंकलनी मोळी हातात घेतली, वजन केल्यासारखी. "दोन्ही एका छपराखाली झाल्या," म्हणाले. मग म्हणाले, "बरं, आठवडाभर ठेवतो. नवा घेतलास की घेऊन जा."

माझं घर स्वच्छ झालं. सोमवारी फोन केला.

बुधवारी खात्याचे दोघं आले. त्यांचं काही चुकलं नाही. सौम्य माणसं होती, बूट धुऊन आत आली, धुऊन बाहेर गेली. प्रत्येक झाडाची साल तपासली. सगळी झाडं निरोगी निघाली. मग फ्रिज उघडला. या काड्या कुठल्या? वहीत लिहिलंय: निर्मळ. निर्मळ कुठे आहे? आम्हाला ते झाड दाखवा, तपासतो, निरोगी असलं तर काड्या तुमच्या तुम्हाला, असं ते म्हणाले. अंकलना वाटलं, सापळा आहे. एक जागा दाखवली की सगळ्या विचारतील. त्यांनी मान हलवली. मूळ न सांगता येणारा माल म्हणून अठराच्या अठरा काड्या सीलबंद होऊन जाळायला गेल्या.

चार दिवसांनी अंकलनी हट्ट गिळला. झाड दाखवायचं ठरवलं, आणि आधी एकदा बघून यावं म्हणून स्वतः गेले. ओढ्याकाठी लाकडाच्या भुशाचा ढीग होता. रस्तेवाले ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीच आले होते.

मला फोन आला. "मी." दोन सेकंद शांतता. "ये."

मी गेलो. भुशाने भरलेली एक बादली त्यांनी ओट्यावर ठेवली होती. मला समोर बसवून ते बोटं मोजायला लागले.

"काड्या आल्यात हे कुणाला ठाऊक? मला. देवाला. टोन्याला, त्याच्यासमोरच बांधल्या. आणि तुला."



"तुझाही विचार केला मी," ते म्हणाले. "तुला राग येऊ दे. पण तू तर ते लोक यायच्या चार दिवस आधी काड्या स्वतःच्या हाताने परत आणून दिल्यास. ज्याला फोन करायचाय तो पुरावा परत कशाला देईल? सरळ आपल्याच फ्रिजमधून काढून दाखवेल. तू नाहीस. राहिला टोन्या. रस्त्याच्या कामाला त्याचे ट्रक लागलेत. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

जन्मभर सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने एकदाच नीट तर्क लावून एका माणसाला निर्दोष ठरवलं, आणि तो मी होतो. तोंड उघडायला तेवढाच क्षण होता. मी म्हणालो, "टोनी असं करेल, वाटत नाही." एवढंच.

दोन शेतांच्या मधल्या फाटकाला कुलूप लागलं. टोनी भाजलेले चेस्टनट आणि वाइनची बाटली फाटकावर ठेवून जायचा. दुसऱ्या दिवशी ती तशीच असायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "त्याला निदान विचारा तरी." अंकल म्हणाले, "गुन्हेगाराला गुन्हा सांगायचा नसतो. त्याला तो माहीत असतो." चार वर्षं हे चाललं. माझ्या घरचा चहा मात्र ते आता न हुंगता प्यायला लागले. त्या प्रत्येक घोटाला मी मान खाली घालत होतो, आणि त्यांना वाटायचं, हा मुलगा विनयशील आहे.

शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं. चौतीस झाडांच्या खऱ्या जागा. कुठलं गाव म्हणजे कुठला ओढा, कुठली चिमणी, आणि कुठल्या झाडाचा गुण काय. वरच्या बाजूला थरथरत्या अक्षरांत: टोन्याला दाखवू नये. फोन त्याने केला.

"दुसरी प्रत?" मी विचारलं. सवयीने.

"दुसरी प्रत तू," म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यांच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या मिस्साला, शेवटच्या प्रार्थनेला, आम्ही बारा-तेरा माणसं होतो. टोनी सूट घालून सगळ्यांत मागच्या बाकाजवळ उभा. बसला नाही. बाहेर आल्यावर माझ्यापाशी आला.

"यू स्पीक हिज लॅंग्वेज," तो म्हणाला. "व्हॉट डिड आय डू टू हिम, मेट? डिड ही एव्हर से?"

"ही गॉट ओल्ड," मी म्हटलं. "ही गॉट फनी विथ एव्हरीवन."

टोनीने हॅट फिरवत माझ्याकडे बघितलं. "नॉट विथ यू."

अंकलच्या पुतण्याने शेत विकायला काढलं आणि टोनीनेच घेतलं. दोन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. त्या चौतीस झाडांचं काय करायचं याचा विचार चाललाय. फळ बारीक, झाडांना लटकवलेल्या बिल्ल्यांवर त्याला वाचता न येणारी मराठी नावं. सप्टेंबरात सगळी वरून छाटून त्यांच्यावर आपलीच जात बांधणार आहे. "अनलेस यू नो समथिंग अबाउट देम?"

बघून सांगतो, म्हणालो.

त्या दिवसापासून पाकीट ऑफिसच्या बॅगेत घेऊन फिरतोय. वरच्या दोन ओळी कापून कागद नुसता पोस्टात टाकावा, पाठवणाऱ्याचं नाव न घालता, असंही एकदा मनात आलं. ती पद्धत मला जमते, हे मला माहीत आहे. पण कागद मराठीत आहे. टोनीला तो मी समोर बसून वाचून दाखवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि वाचायचा तर पहिल्या ओळीपासून.

निर्मळचं देणं आता मला कधीच फेडता येणार नाही. टोनीचं फेडता येईल. मी त्याला दोन गोष्टी देणं लागतो: चौतीस झाडांचे खरे पत्ते, आणि त्याच्या मित्राने त्याला का टाकलं याचं खरं कारण, माझ्या नावासकट. सप्टेंबर उजाडायला सहा आठवडे आहेत. अजून त्यातलं काहीच दिलेलं नाही.